पंचाने कुणाकडे जेवायचं

संपादकांनी मागितले आहेत ते देवी काढण्याच्या नोकरीतले अनुभव. तीस वर्षं मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पोरांच्या दंडांवर टोचत हिंडलो, त्यामुळे तसे अनुभव ढिगाने आहेत. मला येताना पाहिलं की आया पोरं भाताच्या कणगीत लपवायच्या. एकीने तर घाईघाईत स्वतःचं पोर लपवलं आणि शेजारणीचं माझ्यापुढे आणून बसवलं. पण हे सगळं चारचौघांत सांगून सांगून आता गुळगुळीत झालं आहे. ज्या कामाचा मला कधी नेमणुकीचा कागद मिळाला नाही आणि जे करायला दोन तालुक्यांत दुसरा माणूस मिळत नव्हता, त्या कामाबद्दल मात्र मी आजवर तोंड उघडलेलं नाही. ते काम पंचाचं. मी शाळांच्या हुतूतूच्या सामन्यांचा पंच होतो.

शहापूरची इंग्रजी शाळा आणि मुरबाडची इंग्रजी शाळा यांचे सामने दरवर्षी भाताची कापणी झाली की व्हायचे. जागा किन्हवलीची, दोन्ही गावांच्या मधली. कापलेल्या खाचरातली धसकटं खणून काढायची, जमीन चोपायची, फक्कीच्या रेघा मारायच्या, की झालं मैदान. पोरं तयार, मास्तर तयार, बघायला पाच-पन्नास गावांची माणसं तयार. अडायचं ते पंचावरून. शहापूरचा पंच मुरबाडला चालत नसे आणि मुरबाडचा शहापूरला. आसनगावचे स्टेशनमास्तर यायला राजी होते, पण ते गाड्या कुणाच्या भरवशावर सोडणार? एका वर्षी एका तलाठ्याला उभं केलं. सामन्यानंतर त्याची छत्री विहिरीत सापडली. पुढच्या वर्षी पोस्टमनला गळ घातली, तर डाक निघायची वेळ झाली म्हणून तो ऐन रंगात आलेला सामना टाकून चालता झाला. त्यानंतर कुणाला विचारायला गेलं की लोकांच्या घरी अचानक लग्नकार्यं निघायची.

मग कुणाच्या तरी डोक्यात मी आलो. मी चिपळूणकडचा. इथे माझं घर नाही, शेत नाही, सोयरीक नाही. बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. किन्हवलीत एका वाण्याच्या माडीवर खोली घेऊन राहायचो. दोन्ही तालुक्यांत सायकलवर हिंडायचो आणि दोन्हीकडच्या पोरांना सारखंच रडवायचो. पंच व्हायला लागतात ते सगळे गुण माझ्यात होते, कारण माझं कुणी नव्हतं.

ज्यांनी आजची कबड्डी पाहिली आहे त्यांना सांगायला हवं, की तेव्हाच्या हुतूतूत पंचाचे डोळे जेवढे लागत त्याहून जास्त कान लागत. गडी मधली रेघ ओलांडून समोरच्यांच्या अंगणात शिरतो तो एका दमात 'हुतूतूतू' म्हणत. त्या दमात त्याने गडी शिवायचे आणि परत यायचं. दम मध्येच तुटला आणि तो पलीकडे असला, की बाद. दम तुटला की नाही हे सांगणार कोण? समोरचे सात जण म्हणणार तुटला, मागचे सहा म्हणणार नाही. ऐकायचं पंचाने एकट्याने. लोक ओरडत असतात, ढोलही वाजत असतो, आणि त्यातून एका पोराच्या घशातला आवाज धरून ठेवायचा. मला ते जमायचं. लहान पोराच्या छातीला कान लावून आतली घरघर ओळखायची सवय होती म्हणा, पण जमायचं.

नियमांचा आणखी एक घोळ. बाद झालेला गडी समोरचा एक बाद झाल्यावर परत उठून खेळायला येतो, हा मुरबाडचा नियम. शहापूरचं म्हणणं, बाद तो बाद, संपला विषय. पहिल्या वर्षी ही वादावादी सामन्यापेक्षा जास्त वेळ चालली. शेवटी मी म्हणालो, पहिला डाव शहापूरच्या नियमाने आणि दुसरा मुरबाडच्या. दोन्ही बाजूंना ते पटलं नाही, तेव्हाच माझी खात्री झाली की निर्णय बरोबर आहे.

एका वर्षी तर मुरबाडच्या संघात एक दणकट गडी दिसला. नाव शाळेच्या पटावर होतं, मिशी नुकतीच काढलेली होती. मी खेळाडूंचे दंड बघायचो, कारण बहुतेकांच्या दंडांवरचे वण माझ्याच हातचे. याच्या दंडावर माझे वण नव्हते, पण चेहरा मात्र ओळखीचा वाटत होता. मग लख्ख आठवलं. मी म्हणालो, "अरे, मागच्या महिन्यात तुझ्या पोराला मी देवी काढल्या. पिकल्या का नीट?" तो भाबडेपणाने म्हणाला, "पिकल्या ना डॉक्टर, ताप पन उतरला." झालं. मैदानभर हशा झाला आणि तो बिचारा रेघेबाहेर गेला.

मी डॉक्टर नव्हतो, पण सगळे मला देवीडॉक्टर म्हणत.

आता जेवणाचं सांगतो. शहापूरच्या शाळेत ड्रिल शिकवणारे शिवराम मास्तर माझे मित्र होते. खरं तर या मुलखात माझा तेवढा एकच मित्र. दर बाजाराच्या दिवशी मी शहापूरला गेलो की त्याच्याच घरी जेवायचो. त्याची आई मला ताटावरून उठू देत नसे. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, आणि वर तिची बडबड. मी तिला आई म्हणायचो. ती मला बाबू म्हणायची. माझी स्वतःची आई मी सात वर्षांचा असताना गेली होती, त्यामुळे कुणी आग्रह करून वाढलं की मला काय करावं ते कळत नसे, आणि मी मुकाट्याने खात राहायचो.

पंच म्हणून दुसरं वर्ष. सामना शहापूरने जिंकला. आठ दिवसांनी मुरबाडच्या हेडमास्तरांचं पत्र आलं, की पंच शहापूरच्या ड्रिलमास्तरांच्या घरी जेवतात असं समजतं. पत्रात आरोप काहीच नव्हता, नुसतं 'समजतं' होतं. मी त्याच दिवशी ठरवलं, की दसऱ्यापासून सामने संपेपर्यंत दोन्ही गावांत कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. सामन्याच्या दिवशी माझा डबा मी आणायचा आणि मैदानाकडेच्या आंब्याखाली एकट्याने बसून खायचा. लोकांना हे फार आवडलं. मुरबाडचे शहापूरकरांना दाखवून म्हणायचे, बघा, पंच असा पाहिजे. पोरंसुद्धा त्या आंब्याजवळ फिरकत नसत. मी भाकरी खात असताना माझ्याभोवती वीस हात जागा मोकळी असायची.

शिवरामने समजून घेतलं. आईने घेतलं नाही. बाजारच्या दिवशी मी दारावरून सायकल हाकत निघालो की ती ओट्यावरून ओरडायची, "कारं बाबू, माझ्या हातचं खाल्लंस तर तुझी शिट्टी बाटंल का रं?" मी हसून हात करायचो. ती हसायची नाही.

पाचसहा वर्षं हे चाललं. महायुद्ध सुरू झालं, पेट्रोल मिळेनासं झालं, मुरबाडहून कल्याणला जाणारी मोटार कोळशावर धापा टाकत चालू लागली, माझ्या सायकलच्या टायरांत चिंध्या भरायची वेळ आली, पण सामने बंद पडले नाहीत. त्याच सुमारास मला हिवताप लागला. आमच्या जंगलपट्टीत तो कुणाला सुटलेला नव्हता. वर्षातून चार-पाच वेळा हुडहुडी भरायची आणि मी कोयनेल खायचो. कोयनेल म्हणजे क्विनाईन. कडू जहर. ताप उतरायचा, पण कानांत रातकिडे ओरडायला लागायचे. सुरुवातीला ते आठवड्यात थांबायचे. मग महिन्याने. एका पावसाळ्यानंतर ते थांबलेच नाहीत.

समोर उभं राहून कुणी बोललं तर मला कळायचं, थोडं ऐकू यायचं आणि बाकीचं ओठांवरून. पण पाठमोरा माणूस, किंवा गर्दीतला आवाज, गेला. मी कुणाला सांगितलं नाही. देवी काढायला कान लागत नाहीत.

शिवरामच्या लक्षात आलं. शहापूरच्या बाजारात त्याने मला मागून तीन हाका मारल्या आणि मी वळलो नाही. मग तो पुढे येऊन उभा राहिला.

"तुला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"कमी येतं."

"आणि दम कसा ऐकणार?"

"नाही ऐकणार. दुसरा पंच बघा."

दुसरा पंच कुठे होता? दवाखान्यातला कंपाउंडर, कचेरीतले कारकून, सगळ्यांना त्याचं आधीच्या वर्षांत विचारून झालं होतं. मी नाही म्हटलं की सामने बंद, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. त्या पोरांना वर्षातून तेवढी एकच गोष्ट होती. जिंकणारा संघ पुढे ठाण्याला खेळायला जायचा, आणि मुरबाडच्या पलीकडच्या वाड्यापाड्यांतली पोरं तर त्या निमित्ताने जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसायची.

युक्ती शिवरामने काढली. मी मधल्या रेघेच्या एका टोकाला उभा राहायचो, तो शहापूरचा मास्तर म्हणून दुसऱ्या टोकाला, बरोबर माझ्यासमोर. गड्याचं तोंड माझ्याकडे असलं तर मी ओठ आणि गळा बघून सांगायचं. तो पाठमोरा झाला आणि त्याचा दम तुटला, तर शिवरामने डोक्यावरची टोपी काढायची. हात हलवला किंवा मान हलवली तर गर्दीत चुकून काहीही वाटू शकतं. टोपीचं तसं नव्हतं. त्या काळी आमच्याकडे बाप्या माणूस घराबाहेर बोडका दिसायचा तो एकाच कारणाने, घरी कुणी गेलं तर. त्यामुळे टोपी कुणी उगाच काढत नसे, आणि त्यामुळेच ती खूण पक्की होती. आमची हुशारी ती एवढी.

मी त्याला विचारलं, "तुझ्या स्वतःच्या पोरांचा दम तुटला तर?"

तो म्हणाला, "टोपी एकच आहे माझ्याकडे."

आणि ते त्याने खरं केलं. पहिल्याच वर्षी शहापूरचा सर्वांत चांगला गडी शेवटच्या चढाईत माझ्याकडे पाठ करून फिरत होता. समोर शिवरामने टोपी काढली. मी शिट्टी वाजवली. शहापूर हरलं. शाळेत त्यांच्या हेडमास्तरांनी संघाला तासभर झापलं, आणि शिवराम मागे उभा राहून ते ऐकत होता. टोपी काढली की तो कपाळ पुसायचा, त्यामुळे लोकांना वाटायचं मास्तरांना घाम फार येतो. मला मात्र त्या दिवशी त्याचा इतका अभिमान वाटला, आणि तो मला कुणाला सांगता आला नाही. सामन्यानंतर आम्ही एकमेकांना भेटतही नव्हतो, कारण मग पत्र आलं असतं.

दुसऱ्या वर्षीचा सामना. आता सांगायचं ते हेच.

मुरबाडकडे बुधा नावाचा एक मुलगा होता. डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतला. त्या वाडीतून इंग्रजी शाळेत आलेला तो पहिलाच. काटक, सावळा, आणि दम असा, की तो चढाई करून परत आल्यावरही दोन घटका हुतूतू म्हणू शकेल असं वाटायचं. त्याचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष होतं. पुढे शेतीच करायची होती. सामन्याआधी मी दंड बघत फिरलो तेव्हा तो मला म्हणाला, "डॉक्टर, आमी जिंकलो का आगीनगाडीत बसनार. माझा बाप पन येनार हाय कल्यानापर्यंत, गाडी बघायला." त्याचा बाप गर्दीत पहिल्या रांगेत उकिडवा बसला होता. लेकाचा खेळ बघायला पहाटे निघून चालत आला होता.

खेळ बरोबरीत आला. शेवटची चढाई बुधाची. शहापूरचे दोनच गडी उरलेले. एकाला शिवला तरी मुरबाड जिंकलं. बुधा आत शिरला, त्याचे ओठ मला दिसत होते, मग तो फिरला आणि त्याची पाठ माझ्याकडे झाली. मी समोर शिवरामकडे पाहिलं.

शिवरामने टोपी काढली.

मी शिट्टी वाजवली. बुधा जागच्या जागी थांबला. त्याने एका गड्याला त्याच क्षणी शिवलेलं होतं. तो माझ्याकडे वळला, त्याचे ओठ अजून हलत होते. हुतूतूतू. मी हात वर करून बाद दिला. मग एकच कल्लोळ झाला, तो मला ऐकू आला नाही, नुसता दिसला. मुरबाडची पोरं धावत आली, त्यांच्या मास्तरांनी त्यांना आवरलं. कुणी माझ्या अंगावर आलं नाही. देवीडॉक्टर कुणाचं खात नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. बुधा वाकून मला म्हणाला, "डॉक्टर, तुटला नाय हो. आयशपथ तुटला नाय." मी म्हणालो, "तुटला." पंचाने दोनदा विचार केलेला दिसू नये, असं माझं तेव्हा मत होतं.

बक्षीस द्यायच्या वेळी शिवराम दिसला नाही. ढाल शहापूरच्या हेडमास्तरांनी घेतली. मी आंब्याखाली माझा डबा उघडून बसलो. भाकरी खाऊन झाल्यावर वाण्याचा भाऊ सांगत आला, की शहापूरहून सायकलवर माणूस आला होता, शिवराम मास्तरांची आई गेली. चढाई चालू असताना तो माणूस गर्दीतून वाट काढत शिवरामच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने कानात सांगितलं.

म्हणजे शिवरामने टोपी आईसाठी काढली होती.

ती बाई माझ्यावर रुसून गेली. दसऱ्यापासून मी तिच्या हातचं पाणीही प्यायलो नव्हतो. आणि तिची बातमी आली त्या क्षणी मी शिट्टी वाजवून एका मुलाला बाद केलं. मी शहापूरला गेलो नाही. सामन्यांचा निकाल लिहून सह्या व्हायच्या होत्या, म्हणून गेलो नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण हे, की मला त्या दारात जायचं धैर्य नव्हतं. तोवर तिला उचलली असेल, असंही वाटलं. हे मी आज लिहितो आहे आणि लिहितानाही लाज वाटते आहे.

तेरावं झाल्यावर शिवराम माझ्या खोलीवर आला. डोक्याचं मुंडण केलेलं, हातात टोपी. त्याला घरी गेल्यावर निकाल कळला होता आणि मग हिशेब लागला होता. बसला नाही.

"त्या पोराचा दम तुटला नव्हता," तो म्हणाला. "मी ऐकत होतो. माणूस येईपर्यंत मी ऐकत होतो."

"मला कळलं नंतर."

"मग सांग."

"काय सांगू? की दोन वर्षं पंचाला ऐकू येत नव्हतं आणि शहापूरचा मास्तर टोपी काढून त्याला शिट्ट्या वाजवायला लावत होता? तुला नोकरीवर ठेवतील? आधीचे सगळे निकाल लोक खोटे म्हणतील. पुढच्या वर्षी कुणी पोर उतरेल मैदानात?"

"मी माझ्या पोरांच्या विरुद्ध टोपी काढली होती, डॉक्टर."

"ते कुणाला पटेल?"

"न पटू दे. सांग. ढाल परत देऊ. ती पोरं जाऊ देत ठाण्याला, अजून आठ दिवस आहेत."

मी म्हणालो, शिट्टी वाजली ती वाजली. पंचाचा शब्द एकदाच असतो. आणखीही काही बोललो असेन. मला भीती वाटत होती ती वेगळीच. पंच म्हणून दोन तालुक्यांत मला मान होता, रस्त्याने जाताना लोक हात जोडत. त्याच्याखेरीज माझ्याकडे होतं काय? खोली, सायकल आणि लशीच्या नळ्यांची पेटी.

शिवराम जिन्याशी जाऊन माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आई शेवटी विचारत होती, बाबू कधी येनार. सामने झाले की येईल, असं मी सांगितलं." आणि टोपी डोक्यावर घालून जिना उतरून गेला.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. सुट्टी लागायच्या आत त्याने बदली मागून घेतली आणि पालघरकडच्या एका शाळेत गेला. मी दोन कार्डं पाठवली. उत्तर आलं नाही. पुढे कधीतरी तो गेल्याचं कळलं, तेही बाजारात, तिसऱ्याच विषयात.

आणि ज्या सामन्यांसाठी म्हणून मी गप्प बसलो, ते पुढच्याच वर्षी बंद पडले. दिवाळी झाल्यावर दोन्ही शाळांची पत्रं आली. मी प्रकृतीचं कारण लिहून नकार दिला. समोरच्या टोकाला शिवराम नसताना मी करणार काय होतो? त्यांनी खूप शोधलं. पंच मिळाला नाही. किन्हवलीच्या त्या खाचरात मालकाने उन्हाळी भाजी लावली. मी रोज तिथून जायचो.

शहापूरच्या त्या शाळेच्या कपाटात ती ढाल अजून असेल, तर ती मुरबाडची आहे. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आता शेवटचं. स्वातंत्र्य येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी देवी काढत मुरबाडपलीकडच्या वाड्यांमध्ये फिरत होतो. एका घरी एक माणूस पोरीला मांडीवर घेऊन बसला. पोरगी दीड वर्षाची. मी टोचलं, ती रडली, त्याने तिला बायकोकडे दिली आणि मग स्वतःच्या बाहीची घडी वर करून दंड माझ्यापुढे धरला. माझे वण होते.

"वळखलं का डॉक्टर?"

ओळखलं होतं. बुधाच तो. अंग भरलं होतं, हसणं तेच होतं. त्याच्या मनात राग काही दिसेना. उलट जुना माणूस भेटल्याचा आनंदच दिसला. "आज जेवून जायाचं," तो म्हणाला. "आता कुठं शाळंची म्याच हाय!" मग म्हणाला, "माझा एक दम तुमच्याकडं ऱ्हायलाय बरं का." आणि हसत हसत त्याने अंगणात पायाने एक रेघ ओढली. बायको दारातून बघत होती. "ऐका हां," म्हणाला, आणि छाती भरून घेऊन रेघ ओलांडली.

त्याचे ओठ हलताना मला दिसले. मग तो फिरला. अंगणाच्या पार टोकापर्यंत गेला, पाठमोरा, वाकून, हात पसरून, जणू समोर खरेच दोन गडी आहेत. पंचवीस वर्षांचा बाप्या आणि त्या क्षणी शाळेतलं पोर दिसत होता. मी सवयीने समोरच्या टोकाकडे पाहिलं. तिथे पेंढ्याची उडवी होती.

तो परत आला, रेघेवर पाय ठेवला आणि धापा टाकत माझ्यासमोर उभा राहिला.

"सांगा आता. तुटला?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. तेवढ्याने तो खूश झाला असता, आणि आम्ही हसत जेवायला बसलो असतो.

मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही रे."

"आत्ता?"

"आत्ताही. आणि तेव्हाही."

मग मी त्याला सगळं सांगितलं. कोयनेल, कान, शिवरामची टोपी, त्याची आई. तो ओट्यावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. माझं संपल्यावर तो जे बोलला ते सावकाश बोलला, त्यामुळे मला अक्षर न् अक्षर कळलं.

"सगळी पोरं माझ्या बाजूनं होती," तो म्हणाला. "मास्तर पन होता. येक बापच नव्हता. म्हनायचा, देवीडॉक्टर कोनाचं पानी पीत नाय, तो कशाला खोटं बोलंल? दम तुझाच तुटला आसंल, कबूल कर. मी नाय म्हनायचो. त्याच्यावरनं आमचं नेहमी वाजायचं." त्याने पायाने ओढलेली रेघ पायानेच पुसली. "मागच्या शिमग्याला गेला तो."

तो उठला, खुंटीवरचा कोयता घेतला आणि शेताच्या वाटेने निघून गेला. मी पेटी आवरायला लागलो. तेवढ्यात त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मला समजावं म्हणून समोर येऊन मोठ्याने म्हणाली, "ते गेले रानात. तुमाला वाढाया सांगितलंय. बसा."

तिने ओट्यावर ताट मांडलं. तांदळाची भाकरी होती आणि सुक्या बोंबलाचं कालवण. इतकी वर्षं मी नियम म्हणून एकटा जेवलो होतो. त्या दिवशी नियम कुठलाच नव्हता, आणि मी एकटाच जेवलो.